वळणदार छपराविना एक चिनी देऊळ

मांडव्याच्या जेट्टीवरून रो-रो बोट सुटली की तासाभरात भाऊच्या धक्क्याला लागते. किहीम, आवास, सासवणे, थळ इथली माणसं मुंबईच्या कामांसाठी हीच बोट धरतात आणि धक्क्यावर उतरून घाईघाईने टॅक्सी शोधू लागतात. तिथून थोड्याच अंतरावर, डॉकयार्ड रोड स्टेशनाच्या बाजूला, नवाब टँक रोडवर एक चिनी देऊळ आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. सी यप कून असं त्याचं नाव. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातून आलेल्या दर्यावर्दी लोकांनी ते १९१९ साली उभारलं. वरच्या मजल्यावर क्वान कुंग हा वीरदेव आणि खाली ग्वानयिन ही करुणेची देवी. मुंबईतलं हे एकमेव चिनी देऊळ.

किहीमच्या एका नारळी-पोफळीच्या वाडीत या देवळावरून काका-पुतणीचा वाद चालतो. काका, म्हणजे तात्या, माझगाव गोदीत सुतार होते. 'नीलगिरी' ही देशात बांधलेली पहिली लिअँडर जातीची फ्रिगेट १९७२ साली नौदलात दाखल झाली, त्या सुमारास ते कामाला लागले. चिनी देवळाच्या दारावरून त्यांनी नोकरीभर ये-जा केली. पुतणी वास्तुविशारद आहे, उत्तर चीनमधल्या शांसी प्रांतातली जुनी लाकडी देवळं बघून, अभ्यासून आलेली. ऐकणाऱ्याला वाटेल की तात्या माझगावच्या देवळाची बाजू घेत असतील आणि शिकलेली पुतणी नाक मुरडत असेल. आहे ते नेमकं उलट.

'चिनी देऊळ म्हणजे सुतारकाम,' तात्या म्हणतात. 'माझगावात लाल रंग आहे, कंदील आहेत, उदबत्त्यांचा धूर आहे. सुतारकाम कुठाय? चार भिंतींचं घर आहे ते. आपल्याकडच्या मिस्त्रीने बांधलेलं.'

हे वेड त्यांना पुतणीनेच लावलं. तिने आणलेल्या फोटोंत फोग्वांग देवळाचा पूर्वेकडचा सभामंडप होता. वूताई पर्वतातला हा मंडप इसवी सन ८५७ मधला, म्हणजे आपल्याकडे वेरूळचं कैलास लेणं होऊन फार काळ लोटला नव्हता तेव्हाचा. फरक इतकाच की तो दगडाचा नाही, लाकडाचा आहे आणि अजून उभा आहे. लियांग सुछंग आणि लिन ह्वेईयिन या वास्तुविशारद पती-पत्नीने १९३७ च्या उन्हाळ्यात तो शोधून काढला. चीनमध्ये तांग राजवटीचं एकही लाकडी बांधकाम शिल्लक नाही असं तोवर जपानी अभ्यासक सांगत होते. या दोघांनी वटवाघळांच्या अन् ढेकणांच्या राज्यात माळ्यावर चढून मापं घेतली. लिन ह्वेईयिन यांना लांबचं चांगलं दिसे. खालून बघताना तुळईवर पुसट शाईची अक्षरं त्यांनाच पहिल्यांदा दिसली आणि त्यांत मंडपाला दान देणाऱ्या एका बाईचं नाव निघालं, निंग गोंगयू. काही दिवसांतच जपानशी युद्ध पेटलं.

तात्यांना मात्र त्या फोटोंत माणसांपेक्षा खांबांचे माथे अधिक दिसले.

खांबाच्या माथ्यावर एक लाकडी ठोकळा. ठोकळ्याला वरून अधिक चिन्हाची खाच. खाचेत दोन दिशांनी बसवलेले हात. त्या हातांच्या टोकांवर पुन्हा लहान ठोकळे, त्यांवर पुन्हा हात, आणि असा एकेक थर बाहेर झेपावत जातो. फोग्वांगच्या मंडपात हा गुच्छ खांबाच्या निम्म्या उंचीएवढा आहे आणि त्याच्या जोरावर छपराची कड जवळजवळ ४ मीटर पुढे आलेली आहे. सगळं खाचेत खाच बसवून, खिळ्याच्या आधाराशिवाय. आपल्या वाड्यांच्या खांबांवर तुळईखाली हस्त असतात, त्यांचं काम तात्यांना पाठ आहे. पण हस्तावर हस्त, त्यावर हस्त रचून सगळं छप्पर हवेत पुढे ढकलायचं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ठोकळ्यांची आणि हातांची मापंही मनाला येईल तशी नव्हती. ११०३ साली सोंग राजवटीने 'यिंगझाओ फाशी' हा बांधकामाचा ग्रंथ छापून घेतला. ली च्ये नावाच्या अधिकाऱ्याने लिहिलेल्या त्या ग्रंथात लाकडाच्या आठ प्रती ठरवून दिल्या आहेत. इमारत केवढी, त्यावर प्रत ठरते आणि एका हाताच्या जाडीवरून बाकी सगळ्या इमारतीची मापं निघतात.

मग छप्पर. तात्यांच्या किहीमच्या घरात आढ्यापासून भिंतीपर्यंत वासा अखंड येतो, त्यावर रीपा आणि रीपांवर मंगलोरी कौलं. वासा सरळ, म्हणून पाखंही सरळ. चिनी सुतार खांबांवर एक लांब तुळई टाकतो, तिच्यावर दोन आखूड खांब, त्यांवर आधीपेक्षा आखूड तुळई, पुन्हा आखूड खांब, असं करत आढ्यापर्यंत पोचतो. प्रत्येक टप्प्याच्या टोकावरून एकेक लांब लाकूड छपराच्या लांबीभर जातं आणि वासे एका लाकडापासून दुसऱ्यापर्यंतच, तुकड्यातुकड्यांनी येतात. आता त्या आखूड खांबांची उंची कमी-जास्त केली की झालं. आढ्याजवळ चढ तीव्र, खाली येताना मंद, आणि सगळ्या छपराला बाक. एकही लाकूड वाकवलेलं नसतं. हे कळलं त्या दिवशी तात्या सुपारीच्या झावळीच्या काटक्या मोडून ओट्यावर छप्पर रचत बसले होते. सरळ लाकडांतून बाक काढणाऱ्या सुतारापुढे त्यांची मान लवली ती लवलीच.

'आणि तू मला सांगतेस, माझगावचं ते घरही चिनी देऊळ,' ते म्हणाले.

'तात्या, तुम्ही बघताय ते शांसीचं काम,' पुतणी म्हणाली. 'माझगावला आलेली माणसं शांसीची नव्हेत. तिथून पार दक्षिणेची, समुद्रकाठची.'

'आणि देव? क्वान कुंग कुठला?'

इथे तिला हसू आलं. कारण क्वान कुंग, म्हणजेच ग्वान यू, शांसीचाच. इसवी सन २२० च्या सुमारास मारला गेलेला हा सेनापती तिथल्या श्ये गावचा आणि त्या मुलखात त्याचं भलंमोठं, अंगणामागून अंगण असलेलं देऊळ आजही आहे. लाल चेहरा, लांब दाढी, हातात दांड्याची मोठी तलवार. चौदाव्या शतकात रचल्या गेलेल्या 'तीन राज्यांची कथा' या कादंबरीने तो घराघरांत नेला. तीन अनोळखी माणसं फुललेल्या बागेत बंधुत्वाची शपथ घेतात आणि मरेपर्यंत पाळतात, त्यांतला तो मधला भाऊ. हाँगकाँगच्या पोलीस चौक्यांत त्याची मूर्ती असते, व्यापाऱ्यांच्या पेढीवर असते आणि घरदार सोडून बोटीवर चढलेल्या माणसांच्या खोलीतही असते. नात्याचं कोणी जवळ नसताना शब्दावर भाऊ झालेल्यांचा देव त्यांना लागणारच.

'देव उत्तरेचा, पण त्याला मुंबईला आणणारे चार तालुक्यांचे,' ती म्हणाली. ताइशान, शिन्हुई, खाइपिंग आणि एनपिंग. पर्ल नदीच्या मुखाच्या पश्चिमेचा हा पट्टा, त्यालाच तिथल्या बोलीत सी यप म्हणतात. शेत कमी, तोंडं जास्त. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथले पुरुष बाहेर पडले. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं तिकडे गेले, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात सापडलं तिकडे गेले, आगबोटींवर चढले, रेल्वे बांधायला लागले. जिथे गेले तिथे त्यांनी आधी एक कून काढलं. नवा माणूस बोटीतून उतरला की पथारी टाकायला जागा, गावाकडून आलेलं पत्र वाचून दाखवणारा कोणी, गावी पैसे पाठवायची सोय, मेलाच तर पुरायला चार माणसं. आणि या सगळ्यावर नजर ठेवायला क्वान कुंग.

मराठी वाचकाला हे समजायला चीनला जावं लागत नाही. गोव्याच्या खलाशांचे कूड धोबीतलावला होते, काही अजून आहेत. एका गावचे लोक, एक लांबच लांब खोली, भिंतीलगत प्रत्येकाची ट्रंक, आणि टोकाला गावच्या संताची वेदी. बोट मिळेपर्यंत तिथे राहायचं, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची. गिरणगावात कोकणातल्या गावांच्या खोल्या अशाच होत्या, पाळीपाळीने झोपणाऱ्यांच्या, भिंतीवर ग्रामदेवतेचा फोटो टांगलेला. कुडाला कोणी चर्च म्हणत नाही आणि गावकीच्या खोलीला देऊळ म्हणत नाही, हा तात्यांचा मुद्दा खरा. पण सी यपवाल्यांनी आपल्या कुनात देवाची रीतसर स्थापना केली, त्याला पुजारी-राखणदार नेमला, आणि शंभर वर्षं दिवा तेवत ठेवला. इथे पुतणीची बाजू भक्कम आहे.

तिचा पुढचा दाखला मेलबर्नचा. दक्षिण मेलबर्नमध्ये सी यप मंडळाचं देऊळ १८६६ साली बांधलं गेलं, तेही क्वान कुंगचंच. त्याचा नकाशा काढला जॉर्ज व्हार्टन नावाच्या तिथल्या वास्तुविशारदाने. दर्शनी भाग इटालियन धाटणीचा, वर सज्जा. आत मात्र वेदी, धूपपात्रं, कोरीव पट्ट्या, आणि पुढे जोडलेल्या दालनांत मेलेल्या गाववाल्यांच्या नावांच्या पाट्या. 'परगावी गेलं की तिथल्या मिस्त्रीकडून तिथल्या पद्धतीचं घर बांधून घ्यायचं आणि आत आपला देव आपल्या रीतीने मांडायचा, हीच त्यांची परंपरा,' ती म्हणाली. इतकंच काय, खुद्द खाइपिंगमध्ये परदेशी कमाईतून बांधलेले मनोरे आहेत, दरोडेखोरांपासून बचावाचे. विसाव्या शतकाच्या आरंभीचे, सिमेंट-काँक्रीटचे, वर रोमन कमानी आणि घुमट. २००७ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. 'आपल्या गावात जी माणसं इतकी सरमिसळ करतात, त्यांनी माझगावात तांग राजांचं छप्पर उचलून आणावं अशी अपेक्षा का?'

तात्या एवढ्यावर गप्प बसणारे नव्हेत.

'वरच्या मजल्यावर का बसवला देव? देऊळ जोत्यावर असतं. जिना चढून देवाला कोण जातं?'

याला तिच्याकडे उत्तर होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनात तिन हाउ या समुद्रदेवीचं देऊळ इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. काँग चाउ हे क्वान कुंगचं देऊळ पूर्वी स्वतःच्या जागेत होतं. ती इमारत गेली आणि १९७७ पासून ते स्टॉकटन स्ट्रीटवर चौथ्या मजल्यावर आहे, खाली पोस्ट ऑफिस. दाटीच्या शहरात जमीन मिळत नाही, तेव्हा निदान देवाच्या डोक्यावर कोणाचे पाय पडू नयेत एवढं बघतात. 'आपण देवघरावर माळा करतो का?'

'नाही करत,' तात्या म्हणाले. 'मग ग्वानयिनचं काय? ती तळाला. तिच्या डोक्यावर हा दाढीवाला सेनापती आणि जिन्यावरून येणारे-जाणारे. हे कुठल्या शास्त्रात बसतं?'

हा प्रश्न खरोखर चांगला आहे. तळमजल्यावर पूर्वी खलाशी उतरत, असं तिथे सांगतात. आगबोटींचे दिवस सरले, चिनी खलाशी यायचे थांबले. जिथे माणसं झोपत तिथे देवी आली. शास्त्रात हे बसत नाही, पण जागेचा इतिहास त्यात जसाच्या तसा दिसतो. वर स्थापनेचा देव, खाली रिकाम्या झालेल्या जागेत आलेली देवी. एखाद्या आखीवरेखीव देवळात, जिथे दक्षिणेकडे तोंड, मधोमध अक्ष, महाद्वार, अंगण, मंडप, पुन्हा अंगण असा क्रम नियमाने चालतो, तिथे असा इतिहास दिसायला जागाच नसते.

वरच्या मजल्यावरचं दृश्य पुतणीने तात्यांना बारकाईने सांगितलं, कारण ते दारावरून इतकी वर्षं गेले तरी जिना चढलेले नव्हते. दार लाल. वर गेल्यावर समोर वेदी, पुढे धुपाचं पात्र, तेलाचा दिवा, फळं. बाजूच्या भिंतीवर चिनी अक्षरं छापलेल्या कागदी चिठ्ठ्यांच्या रांगा, प्रत्येक रांगेला आकडा. बांबूच्या नळीत पातळ काड्या, त्यांवरही आकडे. मनात प्रश्न धरून गुडघ्यांवर बसायचं आणि नळी तिरकी धरून हलवत राहायचं. घुसळता घुसळता एक काडी पुढे सरकत येते आणि खाली पडते. दोन पडल्या तर पुन्हा पहिल्यापासून. तिच्यावरच्या आकड्याची चिठ्ठी भिंतीवरून काढायची आणि राखणदाराकडून अर्थ समजून घ्यायचा.

'हा तर कौल झाला,' तात्या म्हणाले. लग्न ठरवताना, होडी पाण्यात लोटताना देवाला कौल लावणाऱ्या गावचे ते. पण लगेच सावरले. 'मात्र ही सगळी मांडणी झाली, बये. वेदी, टेबलं, नळ्या, चिठ्ठ्या. उद्या टेंपोत घालून दुसरीकडे नेता येतील. इमारत ती, जी हलवता येत नाही.'

पुतणीने उत्तरादाखल समोरचा समुद्र दाखवला. किहीमच्या किनाऱ्यावरून खांदेरी दिसतो. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तटबंदी घालायला घेतलेला, २०२५ साली मराठा लष्करी स्थापत्याच्या मालिकेत युनेस्कोच्या यादीत गेलेला. त्या बेटावरचा वेताळ हा कोळ्यांचा देव, म्हणजे एक शिळा. त्यात ना खांब, ना हस्त, ना शिखर. आणि अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन आबोथ हे सिनेगॉग? बेने इस्रायली लोकांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले अशी त्यांची परंपरागत आठवण, नवगाव म्हणजे किहीमहून फार लांब नव्हे. त्यांनी घाण्याचं तेल काढलं, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून शनिवार तेली म्हणवले, मराठी बोलले. त्यांचं प्रार्थनास्थळ रस्त्यावरून बघणाऱ्याला आळीतल्या इतर इमारतींसारखंच वाटतं. आत गेल्यावर मधोमध वाचनाचा चौथरा आणि जेरुसलेमच्या दिशेच्या, पश्चिमेच्या भिंतीत धर्मग्रंथांची पवित्र पेटी. 'ती दिशा म्हणजे वास्तुरचना नाही का, तात्या? भिंत इथली, पण तोंड कुठे करायचं हे त्यांनी ठरवलं.'

तात्यांनी मान हलवली, पण पूर्ण नाही. त्यांचा खरा हुकमी पत्ता कोलकात्याचा. हुगळीकाठी बजबजजवळ आछिपूरला तोंग आछ्यू या व्यापाऱ्याने वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन घेऊन साखरेचा कारखाना काढला, तिथून भारतातल्या चिनी वस्तीची सुरुवात मानतात. पुढे शहरात तिरेट्टा बाजाराभोवती चिन्यांची देवळं झाली, त्यांना तिकडे चर्च म्हणण्याची पद्धत पडली. सी यपवाल्यांचंही एक आहे, १९०५ चं, ग्वानयिनचं. 'तिथे कोरीवकाम जमलं ना? मग मुंबईत का नाही? मनात असतं तर केलं असतं.'

याचं उत्तर मनात शोधून मिळत नाही, ते माणसांच्या धंद्यात आहे. कोलकात्यात हक्का लोकांनी चामड्याचे कारखाने काढले, ग्वांगडोंगचे सुतार तिथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झाले, कुटुंबं आली, शाळा निघाल्या. सुतार ज्या वस्तीत राहतात तिथे देवळाला कोरीवकाम मिळतं. मुंबईत आले ते मुख्यतः बोटींवरचे खलाशी, गोदीतले फिटर आणि सुतार, रेशमी कापडाची गाठोडी घेऊन फिरणारे, चपला-बूट बनवणारे, दात बसवणारे. पुष्कळांचा मुक्काम पुढची बोट मिळेपर्यंतचा. वस्ती लहान आणि विखुरलेली, थोडी माझगावात, थोडी कामाठीपुऱ्यात सुखलाजी स्ट्रीटला. अशा वस्तीने शंभर वर्षं टिकणारी एक जागा निर्माण केली हेच मोठं काम आहे. तात्यांना गोदीतल्या सुतारांचा उल्लेख लागला. चिनी सुतार मुंबईच्या गोदीत होते आणि तरी देवळाला एक झेपावता हस्त नाही, याचं त्यांना वाईट वाटतं. ते वाईट वाटणं मनापासूनचं आहे आणि त्यात तथ्यही आहे. 'काहीही चालतं' म्हटलं की हात सुतारकाम विसरतात, हे त्यांनी कोकणातल्या घरांवर स्लॅब पडताना पाहिलेलं आहे.

गोदीची गोष्ट निघाली की तात्या कॉर्नवॉलिसपाशी येतातच. वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधलेली सागवानी लढाऊ नौका, १८१३ ची. पहिल्या अफूयुद्धात हरलेल्या चीनने २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह मान्य केला, हाँगकाँग देऊन टाकलं, ते याच नौकेवर. त्या अफूतली बरीच माळव्याची, मुंबईच्या बंदरातून गेलेली, आणि त्या व्यापारात जमशेटजी जिजीभाईंसह मुंबईच्या किती पेढ्या मोठ्या झाल्या. 'आपल्या सागावर बसून त्यांनी सही केली,' तात्या म्हणतात, आणि सुताराचा अभिमान व माणसाची खंत दोन्ही त्या एका वाक्यात येतात. त्या तहानंतरच्या पडझडीतून, दंग्यांतून, उपासमारीतून सी यपचे लोक जहाजांवर चढले. म्हणजे मुंबईचा आणि या देवळाचा संबंध १९१९ च्याही फार आधीचा.

ग्वानयिनचा तर त्याहून जुना, आणि या वादातला हा भाग दोघांनाही सारखाच प्रिय आहे. ही देवी मूळची अवलोकितेश्वर, बोधिसत्त्व, पुरुषरूपातला. बोरिवलीजवळ कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात तो मधोमध उभा आहे आणि दोन्ही बाजूंना लहान लहान चौकटींत संकटात सापडलेली माणसं त्याचा धावा करताहेत. आग, हत्ती, साप, चोर आणि फुटत चाललेलं जहाज. औरंगाबादच्या ७ व्या लेण्यातही तेच. कान्हेरीच्या ४१ व्या लेण्यात तो अकरा मुखांचा आहे. सोपारा, कल्याण, चौल ही तेव्हाची बंदरं. त्यांतलं चौल अलिबागच्या खालीच. लेण्यांना दान देणाऱ्यांत व्यापारी होते, त्यांना जहाज फुटण्याची भीती पुस्तकातली नव्हती. कुमारजीवाने इसवी सन ४०६ मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्राचं चिनी भाषांतर केलं, त्यात अवलोकितेश्वराचा अध्याय आहे, वादळात नाव घेणाऱ्याला तारणारा. चिनी यात्रेकरू फाहियान ४१२ साली समुद्रमार्गे चीनला परतताना वादळात सापडला तेव्हा त्याने याचाच धावा केला. त्याच्यासारखाच यात्रेकरू ह्युएनत्संग ६४१ च्या सुमारास दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला. चीनमध्ये हळूहळू, सोंग काळापर्यंत, हा बोधिसत्त्व स्त्रीरूपात पूजला जाऊ लागला, पूतो बेटावर तिचं ठाणं झालं, आणि ती दर्यावर्द्यांची आई झाली.

'कान्हेरीहून गेलेला माझगावला देवी होऊन परत आला,' पुतणी म्हणते. वाट इतकी सरळ नव्हती, मध्य आशियातून, सिंहलातून, अनेक वाटांनी ती भक्ती गेली, हे तीही जाणते. पण कान्हेरीच्या चौकटीतलं फुटणारं जहाज आणि माझगावच्या तळमजल्यावर पथारी टाकलेला खलाशी यांच्यामध्ये एकच धावा आहे, एवढं म्हणायला हरकत नाही. आणि तो धावा लेण्यात दगडात कोरला गेला, चीनमध्ये लाकडी मंडपात बसला, माझगावात एका घराच्या तळमजल्यावर. तात्यांनी यावर वाद घातला नाही. ते एवढंच म्हणाले की लेणंही इमारत नव्हे, वजा केलेला डोंगर आहे, म्हणजे त्यांचीच व्याख्या थोडी सैल करावी लागेल.

१९६२ चा विषय मात्र ते लवकर आवरतात. चीनशी युद्ध झालं तेव्हा देशभरातल्या, मुख्यतः आसाम आणि बंगालमधल्या, सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. काहींची सुटका व्हायला १९६७ उजाडलं. बाकीच्यांवर शहराबाहेर जाण्यासह अनेक बाबतींत बंधनं आली. ज्यांना जमलं ते कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला गेले. तात्या तेव्हा शाळेत होते. मुंबईला मामाकडे सायकलवर रेशमी कापड घेऊन येणारा चिनी त्यानंतर दिसला नाही, ही त्यांची आठवण. या देवळाने त्या वर्षांत दिवा लावणारी माणसं गमावली. तरीही ते बंद पडलं नाही. चिनी नववर्षाच्या आदल्या रात्री मुंबईत उरलेली चिनी कुटुंबं आजही तिथे जमतात, मध्यरात्री उदबत्त्या लावतात, कागदी नोटा जाळून पितरांना पाठवतात. अँटॉप हिलच्या दफनभूमीत ज्यांचे आजोबा-पणजोबा आहेत, ती ही माणसं. या रात्री जागा कशी वापरली जाते, कोण आधी वर जातं, कोण खाली थांबतं, हे पाहिल्याशिवाय या देवळाचा आराखडा कोणालाच काढता येणार नाही, असं पुतणीचं ठाम मत आहे आणि ते बरोबर आहे.

उरलेला वाद पुढचा आहे. माझगावात जुन्या इमारतींच्या जागी मनोरे उठताहेत, हे बोटीतूनही दिसतं.

'उद्या हे घर पाडलं आणि क्वान कुंगला विसाव्या मजल्यावर हॉल दिला, तर तुझ्या हिशेबात काहीच बिघडत नाही,' तात्या म्हणाले. 'वर कोणाचे पाय नाहीत. वेदी तीच, चिठ्ठ्या त्याच.'

'सॅन फ्रान्सिस्कोत तसंच झालं, आणि देऊळ चालू आहे.'

'देव चालू आहे. १९१९ चं घर गेलं असेल, ते कोणी मोजलं? जिन्याच्या पायऱ्या किती झिजल्या, कठडा कुठल्या लाकडाचा, तुळया कुणी घडवल्या, वरचा मजला पहिल्यापासून होता की मागाहून चढवला. कून बांधणाऱ्यांनी इथल्या मिस्त्रीला काय सांगितलं असेल, ते त्या लाकडातच आहे. कागदावर नसणार.'

पुतणी यावर थोडा वेळ थांबली, कारण एवढा वेळ त्या घराला देऊळ न मानणारे तात्या आता त्याच्या कठड्याबद्दल बोलत होते. तिने विचारलं, मोजायला येणार का. तात्या म्हणाले, येणार, पण आधी लाकूड, पुढच्या पावसाळ्याच्या आत. ती म्हणाली, आधी नववर्षाची रात्र, कारण चिठ्ठ्यांचा अर्थ सांगू शकणारी माणसं लाकडापेक्षा वेगाने कमी होताहेत. आधी काय, यावर दोघांचं अजून जमलेलं नाही. रो-रोचं वेळापत्रक मात्र तात्यांनी काढून ठेवलं आहे, आणि सोबत न्यायला गोदीतली जुनी घडीची फूटपट्टी.